पोरोस

आगशीच्या बांधावर टेपचं एक टोक धरून इनास,
दुसरं टोक माझ्याकडे.
गोपकपट्टणाचा धक्का इथेच कुठेतरी, असं कागद म्हणतो.
तीन दिवस आम्ही झुवारीचा चिखल उपसतोय.
मिळाले खुबे, एक चप्पल, जाळ्याची शिशाची वजनं.

इनास एकतीस वर्षं तारवटी होता.
पेज पिताना सांगतो:
ग्रीसमध्ये संपात बोट अडकली,
एजंटाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने फिरवून आणलं.
तिथे हेलिके नावाचं शहर होतं.
हिवाळ्यातल्या एका रात्री जमीन हलली, मग पाणी आलं,
सकाळी शहर नव्हतं.
त्याआधी पाच दिवस म्हणे उंदीर, साप, गोमी
रस्ता भरून गाव सोडून निघाले होते.
माणसांनी त्यांना वाट करून दिली,
आणि दारं लावून घेतली.

पुढे नावाडी सांगायचे, काशाचा समुद्रदेव अजून उभा आहे
पोरोसमध्ये. जाळी अडकतात त्याच्यात.
पोरोस म्हणजे समुद्राची वाट, असं शहाण्यांनी ठरवलं
आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारल्या.
शहर निघालं आत, झाडांच्या मुळांखाली,
जिथे कधीकाळी खाजनासारखं पाणी साचलं होतं.
पोरोस म्हणजे तेही होतं.

"एका उतराक लागून," इनास म्हणाला,
आणि आंबाड्याची कोय चोखत बसला.
मी सांगलीचा. मला ऐकू आलं, एका उतारासाठी.
त्याच्या बोलीत उतर म्हणजे शब्द,
हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

तेवढ्यात पिदादबाय आली, डोक्यावर खुब्यांची पाटी.
काय शोधता, विचारलं. सांगितलं.
ती हसली नाही. माडांपलीकडे हात केला:
तिचं शेत, नदीपासून चांगलंच लांब,
कडेला कोंबड्यांचं खुराडं.
त्या शेताचं नाव तारीर.
तार म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा.
आमच्याकडे त्याला उतार म्हणतात.

मी म्हटलं, पण तिथे पाणी कुठे आहे?
"उदक ना. नांव आसा."

खुराड्यापाशी एक चिरा आहे, अर्धा जमिनीत.
त्याच्या कडेला खोल चरा.
दोराने पडला की तिच्या कोयत्याने,
मला अजून ठरवता येत नाही.
वहीत धक्का लिहिलं होतं, ते खोडलं.
तारीर लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.

इनास टेप गुंडाळत होता.
मागे भरती चढत होती,
तीन दिवसांच्या आमच्या खड्ड्यांवरून.