मूळ पट्टी

हाचिनोहे बंदराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
अकरा खोल्या आहेत, गाण्यासाठी भाड्यानं.
रात्री दहा ते पहाटे पाच मी तिथे ग्लास उचलते,
माइकवर प्लास्टिकच्या टोप्या चढवते
आणि वेळ संपत आली की खोलीत फोन करून सांगते,
दहा मिनिटं उरली.

भिंती पातळ आहेत. त्यामुळे मला ठाऊक आहे
पुरुषांना हल्ली काय झालंय ते.

माझा नवरा गायचा तेव्हा पुरुष खाली गात,
छातीच्या तळघरातून,
दारू, धुकं, धक्क्यावर सोडून दिलेली बाई,
एकेका अक्षराला हेलकावे देत.
बाई का सोडली ते गाण्यात कधीच यायचं नाही.

आताची पोरं वर गातात.
इतक्या वर, जणू आवाज फुटण्याआधीच्या वयात
काहीतरी विसरून आलेत
आणि ते आणायला परत निघालेत.
वाचलेला पण उत्तर न दिलेला निरोप,
मायक्रोवेव्हचा दिवा, दुसऱ्याच्या छत्रीचा वास,
आणि मधेच, श्वासालाही जागा न ठेवता,
मला भीती वाटते, असं सरळ.
पुरुषानं. माइकवर.

वारं सुटलं, बोटी बांधून पडल्या, की शिमोमुकाई येतो.
खोली सात. एकटाच.
चाळीस वर्षं माकुळाच्या बोटीवर; तिथले दिवे बघून बघून
डोळ्यांच्या कडा पांढरट झाल्यात.
माकूळ आता फारसं येत नाही.
दिवे लावायचे, गळ सोडायचे
आणि उजेडात रिकामं पाणी बघत बसायचं.
रबरी बूट तो दाराबाहेर काढतो.
इथे काढायची गरज नाही, हे सांगून मी दमले.

एकच गाणं. सात वेळा, आठ वेळा.
केसांनी डोळे झाकलेल्या कुठल्याशा पोराचं.
यंत्राला पट्टी उतरवायचं बटण आहे.
तो पाच घरं उतरतो, मग सहा.
तिथे शब्द तळाला बुडतात; वर चढावं तर घसा सोलतो.
पडदा गुण देतो: एकसष्ट. अठ्ठावन्न.
एकदा त्रेसष्ट आले तेव्हा त्यानं मेलन सोडा मागवला.

मला वाटायचं, म्हातारचळ.
मग एकदा ग्लास न्यायला गेले तर त्यानं फोन पुढे केला.
मुलाचा निरोप. सैतामातल्या गोदामात असतो,
बोट नको म्हणाला आणि गेला, त्याला पाच वर्षं झाली.
निरोपात हे गाणं. खाली दोन शब्द: बाबा, ऐका.

“ऐकलं,” शिमोमुकाई म्हणाला. “शब्द कळतात.
तो काय म्हणतोय ते कळत नाही.
म्हणून म्हणून बघतोय.”

आणि थोड्या वेळानं: “ते वरचं, तुम्हाला येईल?”

मी चोपन्न वर्षांची. शाळेनंतर चारचौघांत गायले नाही.
पण ही पोरं नेमकी माझ्या पट्टीत गातात,
हे जमीन पुसता पुसता मला केव्हाच कळलं होतं.
मी बटण शून्यावर आणलं.
कडवं तो बोलल्यासारखं गायला,
आणि जिथे चढ सुरू होतो तिथे थांबून
बोटीवरून दोर द्यावा तसा माइक माझ्याकडे दिला.

घरी यायचं होतं, स्टेशनपर्यंत आलोही होतो,
असं काहीतरी आहे तिथे.
आलो नाही, असं गाणं म्हणत नाही.
नुसता स्वर वर जातो आणि वर धरायला काही नसतं.
तिथे मी चिरकले.
शिमोमुकाई पडद्याकडे बघत नव्हता.
माझ्या गळ्याकडे बघत होता,
गळाला काही लागलं की पाण्याकडे बघतात तसा.

गुण किती आले, आठवत नाही.
खोली नऊमध्ये कुणीतरी खंजिरी बडवत होतं, ताल सोडून.

“त्यानं विचारलं तर,” तो म्हणाला
आणि पुढचं बोललाच नाही.

काउंटरवर परत आले. घड्याळ बघितलं, सात दाबलं.
त्यानं उचलला तेव्हा मागे तेच गाणं लागलेलं,
बटण शून्यावरच.
दहा मिनिटं उरली, मी म्हटलं.
“पुरे,” तो म्हणाला, बसलेल्या घशानं,
“दोनदा होईल.”