हातचा एक

आमच्या घरात बॅग एकच.
तपकिरी, एका बिजागरीची.
सासूबाई चिलोए बेटावरून आल्या,
तेव्हा त्यांचा अख्खा संसार तिच्यात मावला होता म्हणे.
आता वर्षभर तिच्यात बिलं राहतात.

पण एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री
रिकामी बॅग घेऊन गल्लीला चक्कर मारायची असते,
म्हणजे येत्या वर्षात प्रवास घडतो.
आमचा हिशेब त्यामुळे वर्षातून एकदाच होतो,
बॅग लागते म्हणून.

पुन्ता अरेनासमध्ये दहा वाजले तरी उजेड जायचं नाव घेत नाही.
फटीतून वारा शीळ घालतोय,
शेगडीवर मसूर रटरटताहेत,
पलंगावर मी सगळं वर्ष ओतलंय.

"गॅस," मी म्हणते. एलिसेओ लिहितो.
"गॅस."
लिहितो.
"परत गॅस."
"आपण जेवतो कधी गं?" तो विचारतो.

मग आजोबांचं काचघर.
काच नाहीच तिथे, प्लॅस्टिक आहे,
वाऱ्यानं दोनदा फाडलेलं.
बेचाळीस हजार, वर एकवीस हजार,
आणि पीक : तीन टोमॅटो.
मी भागाकार करते. दर टोमॅटो एकवीस हजार पेसो.
रोसामेल आजोबांना अशा वेळी ऐकू येत नाही.
पण ते टोमॅटो पातळ कापून, मीठ लावून
आम्ही शेजाऱ्यांसकट उभ्यानं खाल्ले होते,
आणि कुणी बोललं नव्हतं.
ते कुठल्या रकान्यात घालू?

एलिसेओचा छंद सगळ्यात स्वस्त.
एक बॉलपेन, साडेतीनशे.
अकरा वर्षं तो रोज रात्री वाऱ्याचा वेग वहीत लिहितो.
दिवसभर फेरीबोटीवर तोच वारा खाऊन आलेला असतो,
तरी लिहितो.
वहीचा उपयोग काय, मी कधी विचारलं नाही.
ऑगस्टमध्ये सामुद्रधुनीत बोट सहा तास अडकली,
त्या रात्रीचा आकडा तेवढा माझ्या अक्षरात आहे.
एकशे अठरा.
आठ जरा हललाय.

यास्ना कोरियन शिकतेय,
शेजारचं बाळ सांभाळून, स्वतःच्या पैशांनी.
फ्रिजवर चिठ्ठी, किटलीवर चिठ्ठी,
आजोबांच्या चपलेलासुद्धा आता दोन नावं.
"आणि तुझा छंद, आई?"
मी हसते. मला कुठला वेळ?
"हा काय," ती म्हणते,
माझ्या हातातल्या बिलांच्या गठ्ठ्याकडे बोट करून.
सगळ्या कडा जुळवलेल्या,
तारखेप्रमाणे,
त्यावर लाल रबरबँड.
मी चोरी पकडल्यासारखी गप्प.

तूट : अडतीस हजार चारशे.
"हातचा धर," आजोबा म्हणतात. (आत्ता ऐकू आलं.)
हातचा म्हणजे विसरायचा नाही,
पुढच्या घरात न्यायचा.
शाळेत बाईंनी असंच शिकवलं होतं,
आणि आपलं पुढचं घर कुठलं ते सांगितलं नव्हतं.

बारा ठोके, बारा द्राक्षं, बारा मागण्या.
छताला पन्हळ. बोट वेळेवर येवो. चौथा टोमॅटो.
सातव्या द्राक्षाला बी लागली
आणि पुढच्या मागण्या नुसत्याच गिळल्या गेल्या.

मग सगळी गल्ली बाहेर.
विधवा मिरेया चाकांच्या बॅगेसकट,
वरच्या मजल्यावरचा पोरगा दप्तर घेऊन,
एकाकडे तर नुसती बाजाराची पिशवी.
बॅग यास्नाच्या हातात. कुठे जायचंय ते सांगत नाही.
कोपऱ्यावर वाऱ्यानं गाठलंच.
बिजागरी उघडली,
आणि अस्तरातून एक कागद सुटला,
दिव्याखालून, तारांवरून, थेट पाण्याच्या दिशेनं.

गॅसचं होतं. एप्रिल.
यास्ना दोन पावलं धावली, थांबली,
त्याला हात हलवून कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली.
एलिसेओनं मान वर करून डोळे बारीक केले,
"सत्तर असेल," म्हणाला.

ते बिल भरलं होतं की नाही,
मला काही केल्या आठवेना.