तेवीस पूर्णांक चार

कॅमेऱ्याच्या दुकानात व्हर्नियर काढणारी
लुणावतांच्या आयुष्यात मी पहिलीच असणार.
सातपूरची फर्स्ट शिफ्ट सुटली की बस, मग शालिमार,
पर्समध्ये डबा, पास,
आणि सवयीने बरोबर आलेलं ते हत्यार.

पॅनकेक म्हणतात याला, लुणावत म्हणाले.
म्हणजे धिरडं.
मी माप घेतलं : तेवीस पूर्णांक चार मिलिमीटर.
धिरड्याला जाडच म्हणायचं.

सतरा हजार. वापरलेली. बिल नाही.
काचेवर बुरशी नाही, हे त्यांनी टॉर्च मारून दाखवलं,
मी पुन्हा माझ्या टॉर्चने पाहिलं.
सतरा हजारांत गच्चीची गळती थांबते,
अर्धी तरी.
हा हिशेब बसमध्येच करून झाला होता, दोनदा,
आणि तरी मी शालिमारलाच उतरले.

घरी आहे तो झूम, दुधी भोपळ्याएवढा.
तो पिशवीतून निघाला की भांडीबाजारातली गल्ली सावध होते.
करडेकाका मठारकाम थांबवतात,
हातोडी मांडीवर, टोपी सरळ,
चेहरा आधारकार्डावरचा.
हंड्यावर पडता पडता अडलेला एक ठोका
तीन वर्षं मागतेय मी, मिळत नाही.
हे धिरडं लावलं तर त्यांना कळणारही नाही.
तेच तर हवंय.
आणि तेच खटकतंय :
भोपळा निदान दाराची कडी वाजवून आत येतो.

शिवाय याला झूम नाही.
पाय हाच झूम, मॅडम, लुणावत म्हणाले.
हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असणार,
पण मला भास्करचा फोटो आठवला.
गंगापूर रोडचं लॉन्स, मावसबहिणीचं लग्न,
तो आइस्क्रीमच्या रांगेत,
मी कनातीआडून, दोनशेवर.
कानाजवळची पांढरी बट, दाढी करताना कापल्याची खूण,
सगळं टोकदार.
सख्खा भाऊ. चार वर्षं बोलणं नाही.
कारण इथे सांगत बसत नाही.
ज्याने पाहिला तो म्हणाला, किती जवळून काढलास गं!
चाळीस फूट होते मध्ये.
मोजणं ही माझी नोकरी आहे, मी अंदाजाने बोलत नाही.

या लेन्सवर तो फोटो निघाला नसता.
मांडव निघाला असता, खुर्च्यांची कव्हरं, कुणाचं तरी पोर,
आणि पार मागे टाचणीच्या डोक्याएवढा एक माणूस,
ज्याला ओळखायचं तर चालत जावं लागलं असतं,
गवतावरून, सगळ्यांदेखत,
आणि मग त्यानेही पाहिलंच असतं.
कधी आलीस, म्हणाला असता.
किंवा कप घेऊन बाजूला झाला असता.

लावून बघू का, म्हटलं.
कॅमेरा एकदम चपटा झाला, कुर्त्याच्या खिशात शिरला.
लुणावत कौतुकाने बघू लागले,
पोराचं जावळ काढून आणल्यासारखे.

दारात उभं राहून समोर धरला.
रस्त्यापलीकडे रसवंती. चरकाचे घुंगरू इथपर्यंत ऐकू येत होते,
पण ऊस सारणारा पोरगा
काचेत इतका लांब गेला
की मी त्याला हाक मारणार होते.
एक पाऊल पुढे.
पुरेना.
पायरी उतरले.
त्याने मान वर केली, कॅमेरा पाहिला,
आणि ऊस सारतच राहिला.

"मॅडम, ट्रायल आतच घ्यायची," मागून लुणावत,
"अहो, पर्स!"
पर्स त्यांच्या काउंटरवर होती,
शेजारी व्हर्नियर, तेवीस पूर्णांक चारवर तसंच उघडं.
मी दोन रिक्षा जाऊ दिल्या
आणि रस्त्यात उतरले.