नग एक

राजपत्रात विद्यापीठ होऊन अठरा दिवस झाले होते
तेव्हा मी धरणगावला रुजू झालो, भांडारपाल म्हणून.
भांडार नव्हतं.
होती एक बंद जिनिंग,
पत्र्याच्या पन्हाळीत अडकलेला कुठल्याशा हंगामाचा कापूस,
एक टेबल,
आणि डेडस्टॉक रजिस्टर, पाने दोनशे, सगळी कोरी.
पाने दोनशेच आहेत असा दाखला
पहिल्या पानावर मीच लिहिला.

शिक्का जळगावहून करून आणला. गोल.
त्यातल्या विद्यापीठातला पी ऱ्हस्व निघाला.
कुलसचिव म्हणाले, चालवा तूर्त.
असे आम्ही पहिले तीन महिने
ऱ्हस्व विद्यापीठ होतो.

समारंभाच्या खुर्च्या भाड्याच्या, त्या नोंदवायच्या नसतात.
आता आपली पोरं पुण्याला जाणार नाहीत, असं कुणी बोललं
तेव्हा ज्यांची पोरं पुण्यात, ते बाप
टाळ्या वाजवताना एकमेकांकडे बघत नव्हते.
कोनशिला भिंतीला टेकवून ठेवली,
कारण ही भिंत जिनिंगची
आणि आपली भिंत अजून नकाशात.

सगळे गेले. हिलाल मिस्तरी गेले नाहीत.
याच शेडमध्ये चाळीस वर्षं
रोलरवर चामड्याच्या चकत्या चढवून
खाचा पाडत आलेला माणूस.
म्हणाले, "लेथ शे मना."
मग स्वतःच दुरुस्त केलं,
"मना नही, मालकना व्हता.
मालक गया, लेथ राही गया. लिखी ल्या."

तपशील. नग. दर. कोणाकडून. बिल क्रमांक.
दर काय लिहू, मिस्तरी?
ते चिंधीने वंगण पुसत राहिले,
जिथे वंगण नव्हतं तिथेही.
एका पायाखाली बिडीच्या पुड्याच्या कागदाची घडी होती.
पाय आखूड शे, म्हणाले, जन्मनाच,
आणि त्याला एक शिवी दिली, घरातल्याला देतात तशी.

वसतिगृह सुरू व्हायच्या एक दिवस आधी
पहिली मुलगी आली, सातपुड्यातून,
रुमली पावरा, तालुका धडगाव.
बाप फाटकातच थांबला, डोक्यावर ट्रंक,
आत यायला परवानगी लागते की काय, या विचारात.
पावती क्रमांक एक.
तिने ती दोनदा वाचली.
"सर, पी दीर्घ पाहिजे."

त्याच नजरेने मग ती लेथपाशी गेली.
वाकून घडी पाहिली, काढली, परत ठेवली,
आणि मिस्तरींकडे पाणसळ मागितली,
जी त्यांनी चाळीस वर्षं
फक्त लेथच्या पाठीवर ठेवली होती.
तिने फरशीवर ठेवली.
बुडबुडा हलला,
रेंगाळला,
आणि गिरणेच्या अंगाला जाऊन बसला.

"पाय चारही सारखेच असतील," ती म्हणाली,
"इथली फरशी खचलीय."

बाहेर कुणीतरी मंडपाचे बांबू आपटत होतं.
मिस्तरींनी लेथच्या पाठीवर हात ठेवला,
ठेवलाच,
आणि एकदम माझ्यावर खेकसले,
"लिखं का नही आजून?"

लिहिलं.
अनुक्रमांक एक. लेथ. नग एक.
दर, माहीत नाही. बिल, नाही.
कोणाकडून, हिलाल मिस्तरी.
शेरा, यंत्राचे पाय बरोबर आहेत.

लेखापरीक्षक दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांनी
शेऱ्याभोवती लाल गोल काढला.
दुसऱ्या खेपेचा गोल जरा मोठा आहे.

रुमलीच्या बापाने जाताना
एक पुडी टेबलावर ठेवली होती, आमचुराची, घरच्या आंब्यांच्या.
घ्यायचं नसतं.
पण ती डेडस्टॉकमध्ये बसत नव्हती,
खर्च होणाऱ्या वस्तूंचं रजिस्टर वेगळं असतं
आणि ते अजून जळगावहून यायचं होतं.