उसवणी

आधी वाटलं, उभ्या उभ्या झोपलीय.
चुलीमागच्या राखेत चितरी,
एक पाय पोटाशी दुमडून.
दाणे टाकले तेव्हा आली,
पण कशी? मशीन अडकल्यावर सुई येते तशी,
एक टाका कापडात, एक हवेत.

मी बोरीकाठचा शिंपी. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश.
परसात सहा कोंबड्या.
पोळ्याआधी सात होत्या.

सातवी तांबडी. तिचाही आधी पायच गेला.
मग एक पाय पुढे, एक मागे,
कात्री उघडी पडावी तशी पसरली जमिनीवर.
तेल चोळलं, हळद लावली,
टोपलीत दोन्ही बाजूंनी चिंध्या लावून बसवली.
पारोळ्याचे डॉक्टर टोपलीत डोकावून म्हणाले,
शिरांचा आजार. एक दिवसाचं पिल्लू असताना
लस दिली असती तर. आता नाही.
मी म्हणालो, पण डोळे तर नीट आहेत तिचे.
ते कुणाच्या तरी गायीकडे वळले.

डोळे नीटच होते, शेवटपर्यंत.
बाजरीचा दाणा दिसायचा तिला.
चोच पोचायची नाही.

म्हणून चितरी लंगडली तेव्हा
मी तिच्याकडे पाहिलंच नाही धड. मला कात्री दिसली.
चुना आणून ठेवला, खड्ड्यासाठी.

गेंदाबाई मालचे परकर टाकायला आली होती.
चुना बघून म्हणाली, काय व्हयनं?
परकर बाजूला ठेवला, कोंबडी काखेत घेतली,
डोक्यावर पदर टाकला. चितरी गप्प.
शेपटीखाली पाहिलं. हिरवी घाण नाही.
मान सरळ. तुरा लाल.
मांडी दाबली, गुडघा वाकवला, तळवा उलटा केला.
काळी खपली असती तर, ती म्हणाली, आत गाठ असते,
मग वेगळं काम.
नव्हती.
मग बोटं. एकेक, फटीत नख घालून,
मी काजं तपासतो तशी.
मधल्या बोटाशी थांबली.

"शालिकभाऊ, हाऊ रोग नही शे.
हाऊ दोरा शे."

पोपटी.
रीळ अजून मशीनवर होतं.
पॉलिएस्टर, अमळनेरहून डझनाने आणतो,
तुटत नाही म्हणून.
इतका आत रुतलेला, की वर मांस चढलेलं.

कोमट पाणी, मूठभर मीठ. पाय भिजत ठेवला
परकराचं माप घेईपर्यंत.
ब्लेड देऊ का म्हटलं, तर ती म्हणाली,
तुझा तो टाके उसवायचा काटा आण.

तीस वर्षं उसवतोय.
अंगावर घट्ट झालेलं, पोटुशीचं, विधवेचं,
मापात माझीच चूक झालेलं.
कापडाखाली कधी काही धडधडत नव्हतं.
एक फेरा निघाला. दुसरा.
नऊ निघाले. नवव्याबरोबर रक्त.
पट्टीला मी लाल अस्तर फाडू लागलो
तर हातावर चापट बसली.
लाल नको. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून मारतील.

दहा दिवस डालग्याखाली वेगळी.
अकराव्या दिवशी बोटाचं शेवटचं पेर गळून पडलं,
वालाची वाळकी शेंग जशी.
मी ते तळहातावर घेऊन तिच्या दारात गेलो.
गेंदाबाई चूल फुंकत होती. वळलीही नाही.
"पडू दे. उरी तेवढावर चाली ती."

चालते. जरा तिरकी.
आता रोज संध्याकाळी दुकान दोनदा झाडतो,
दोरे तेलाच्या डब्यात, झाकण घट्ट.
गिऱ्हाइकं हसतात, शिंपी दोरे पुरून ठेवायला लागला म्हणे.

तांबडी कडुनिंबाखाली आहे, कमरेइतकी खोल.
तिचे पाय चोळले मी, मांड्या चोळल्या.
बोटं मोजली नव्हती.
गेंदाबाई म्हणते, एक पाय पुढे, एक मागे, तो रोगच होता, भाऊ,
दोरा नव्हता.
न पाहताच म्हणते.