रिकामी पाइप

ह्यांनी आलेखाच्या कागदावर काढलाय हॉल,
पाटबंधारे खात्यातली तीस वर्षं
अजून पेन्सिलीच्या टोकात आहेत.
छतात दोन गोल, भिंतीत दोन चौकोन,
आणि दोन्ही चौकोनांपासून सारख्याच अंतरावर
एक बारीक फुली:
ऐकणाऱ्याची खुर्ची.

गावभागात घर करायचं तर आधी पाण्याला विचारायचं.
एकोणीस सालची रेघ दारामागं अजून आहे,
माझ्या हनुवटीएवढी.
जुने स्पीकर तेव्हा रेघेच्या खाली होते.
त्यांचे कागदी कोन फुगून आले,
गच्चीवर उन्हात घातले तर शेजारच्या कमळाक्का म्हणाल्या,
"पापड कसले गं हे?"
म्हणून आता प्रत्येक वायर रेघेच्या वर एक वीत.
ह्यांच्या यादीतलं पहिलं कलम.

दस्तगीर मिरजेहून येतो,
स्कूटरला पाइपांची मोळी बांधून.
त्यानं कागद उभा धरला, आडवा धरला,
मग फुलीवर बोट ठेवलं.
"हितं बसतंय कोण?"
"मी," हे म्हणाले.
"आन् वैनी?"

कटर चालू होता.
सिद्राम भिंतीत चर पाडत होता,
विटांची लाल धूळ माझ्या केसांत.
मी ऐकलं नाही, असं वाटलं असेल दोघांना.

मी कधीच बसले नाही त्या फुलीवर.
माझ्याकडं गाणं आलं ते भिंतीतून गाळून.
चाळणीत कोंडा राहावा
तसे शब्द हॉलमध्येच राहायचे,
इकडं यायचा नुसता ठेका,
आणि रॅकमधली एक ताटली
एका ठराविक सुराला थरथरायची.
कोणता सूर, मला माहीत नाही.
ताटली माहीत आहे. काठाला पोचा आलेली,
लग्नातल्या आहेरातली.
कित्येक गाणी मला कुकरच्या शिट्टीपर्यंतच येतात.
तिसऱ्या शिट्टीनंतर काय होतं त्या बाईचं,
सजण येतो का नाही,
कुणास ठाऊक.

"ओट्यापाशी एक द्या की," मी म्हणाले
आणि कटर नेमका तेव्हाच थांबला.
वाक्य फारच मोठं ऐकू आलं.
ह्यांनी चष्मा काढला.
वाफ, म्हणाले. तेलकट हवा.
शिवाय अँप्लिफायरला चारच वाटा.
शिवाय बजेट.
पुढच्या दिवाळीला बघू.
मी चहा टाकायला वळले, तर ओटाच नव्हता,
शेगडी जिन्याखाली.

दस्तगीर काही बोलला नाही.
दुपारी हे बँकेत गेल्यावर
त्यानं हॉलच्या चरातून स्वयंपाकघराच्या चरात
एक पाइप फिरवली. रिकामी.
आत नायलॉनची दोरी,
दोन्हीकडं हातभर सोडून गाठ मारलेली.
"वैनी, वायर उद्या टाका न्हाईतर धा वर्षांनी टाका,
भिंत फोडाय लागायची न्हाई.
तिकडं बांधायची, हिकडनं वडायची."
किती झाले विचारलं.
"तुकडाच उरलावता," म्हणाला.

मग भिंतीला टेप लावून त्यानं फोटो काढले,
कुठं काय गाडलंय ते विसरू नये म्हणून.
सगळे ह्यांच्या फोनवर आहेत.
एक माझ्या.

प्लास्टर झालं, पुट्टी झाली, सायीचा रंग झाला.
आता संध्याकाळी हे फुलीवर बसतात
आणि आवाज खरंच असा,
की गाणारी बाई खोलीतच श्वास घेतेय.
मला हाक मारतात. मी हात पुसत जाते,
एक अंतरा उभ्यानं ऐकते.
सजण आलेला नसतो.
दूध वर येतं.

ओट्याच्या वर, मिसळणाच्या डब्याशेजारी
एक कोरी पांढरी प्लेट आहे, दोन स्क्रूंची.
परवा सुरीच्या टोकानं ती काढली.
गाठ जागेवर होती.
ओढली, वीतभर.
हॉलमधून आवाज आला,
"अगं, टीव्हीमागं काहीतरी हललं.
उंदीर आहे का बघ."

"बघते," म्हटलं,
आणि आणखी वीतभर ओढली.