उरलेली ओळ

वाशीच्या प्रशिक्षणात एक तक्ता मिळाला.
डावीकडे मुलांची नावं, पुढे दोन चौकोन :
आवेगी, चिंतनशील.
योग्य तिथे खूण करावी. शुक्रवारपर्यंत.

कोपरखैरणे, नववी ब, एक पंखा बंद.
फळ्यावर लिहिलं : एक अधिक तीन अधिक पाच,
अशा पहिल्या वीस विषम संख्यांची बेरीज.
खडू खाली ठेवायच्या आत ओजस शेलार म्हणाला, चारशे.
का रे?
"एनचा वर्ग, बाई. क्लासमध्ये झालंय."

दिगंबरचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या उतरवतात.
त्याने पहिली संख्या शेवटचीला बांधली :
एक नि एकोणचाळीस, तीन नि सदतीस.
"दोन्हीकडे भार सारखा लागतो ना, बाई.
चाळिसाच्या दहा खेपा."

अवनी केणीने एक आकडा लिहिला नाही.
वहीतलं एक घर रंगवलं,
त्याला टेकून तीन घरांचा काटकोन,
मग पाचाचा, मग साताचा.
कोपरा धरून चौरस वाढत गेला, पान संपेपर्यंत.
मागच्या वर्षी अशाच एका चित्राला
मी शून्य दिलं होतं.
पायऱ्या नव्हत्या. पायऱ्यांचे दोन गुण असतात.

आणि शाहीन.
तास संपला, डबा संपला, तिचं पान कोरं.
चिंतनशीलवर पेन टेकवलं.
की नुसतीच गप्प?
पेन उचललं.

गुरुवारी तिने मला जिन्यात गाठलं.
"समांचं काय, बाई? दोन, चार, सहा?
मी झाकणं मांडून पाहिली बाटल्यांची.
चौरस होतच नाही, एक ओळ उरते.
पुढे गेलं की लांब होते, पण एकच.
दुसरी का येत नाही?"

सव्वीस वर्षं शिकवतेय.
सूत्र पाठ होतं मला, झोपेतसुद्धा.
हा प्रश्न नव्हता.

रात्री ओट्यावर चवळी मांडत बसले.
नवरा म्हणाला, भिजत घालायचीय ना?
थांब म्हटलं.
दोनात एकापेक्षा एक दाणा जास्त,
चारात तिनापेक्षा एक, सहात पाचापेक्षा एक.
प्रत्येक काटकोनाने आपला एकेक दाणा
त्या ओळीत पाठवला होता.
एकेकच. दुसरी ओळ येणार कुठून?
हे मी कुणाला सांगू, अकरा वाजता?
शाहीनला तर सांगायचंच नव्हतं.
तिची झाकणं तिच्याकडे होती.

शुक्रवारी तक्ता पाठवला.
दिगंबरच्या दोन्ही चौकोनांत अर्धी अर्धी खूण,
अवनीपुढे खाडाखोड,
शाहीनपुढे काहीच नाही.

दुपारी विभागातून फोन आला.
बाई, तुमची एक ओळ राहिलीये.

हो, म्हटलं.
राहिलीये.